कुंदाचं दीड इंच

एक्स-रेचा फोटो आधी खुशालरावांच्या हातात गेला. घरातली कुठलीही गोष्ट, मग ती लग्नपत्रिका असो, पेरणीचं बी असो की तार असो, आधी त्यांच्याच हातात जायची. त्यांनी तो खिडकीतल्या उजेडाला धरला, डोळे बारीक केले, दोनदा मान हलवली आणि दिसते तं समदं बरोबर, असा निकाल दिला. मग त्यांचा मुलगा किसनराव उठला आणि त्यानं तो फोटो वडलांच्या हातात फिरवून दिला. बुढ्यानं नातीची मांडी गुडघा वर अन् कंबर खाली अशी तपासली होती.

"आता बी बरोबरच दिसते," खुशालराव म्हणाले.

माणिकबाई सैपाकघराच्या दाराशी सुपात तांदूळ घेऊन बसली होती. खुशालरावांची ही थोरली बहीण. तिशीत विधवा झाली आणि तिवशाहून भावाच्या घरी नांदगाव खंडेश्वरला आली, ती आली. गेली काही वर्षं मात्र ती पुतण्याच्या, किसनरावाच्या अमरावतीच्या घरी राहायची, कारण त्याची पोरगी कुंदा इथं होती. तांदूळ कालच निवडून झाले होते. आज ती तेच पुन्हा निवडत होती. दारातून बैठक सरळ दिसायची, आणि हाताला काम असलं की बाईमाणसाला कोणी ऊठ म्हणत नाही. फोटो तिनं तिथूनच पाहून घेतला. काळ्यावर पांढरं हाड, हाडाच्या पोटात सरळ सळई. गुडघ्याकडे येता येता सळई संपली होती, हाड मात्र पुढं गेलं होतं, आणि जिथं सळई नव्हती तिथं ते काकडीच्या शेंड्यासारखं जरासं वाकलं होतं.

"दीड इंच," सूर्यभान म्हणाला.

सूर्यभान म्हणजे कुंदाचा मामा, अकोल्याला शाळामास्तर. आठवड्यापूर्वी कुंदाला अकोल्याला नेऊन काढलेला हा फोटो तिथल्या डॉक्टरांकडून त्यानंच आणला होता, आणि तो दुमडू नये म्हणून अकोला ते अमरावती एसटीत उभ्यानं आला होता. मूर्तिजापूरला एका प्रवाशानं त्याला बसायला जागा दिली, तर त्यानं फोटोला बसवलं आणि स्वतः उभा राहिला.

सूर्यभानानं सगळं नीट समजावलं. सळई होती तेवढीच राहिली. पोरगी वाढली. सळईच्या खालचं हाड उघडं पडलं, आणि ते तिथंच मोडणार. मोडायच्या आधी जुनी सळई काढून नवी घालायची, असं डॉक्टर देव म्हणत होते. गुरुवारच्या ऑपरेशनला पलंग रिकामा होता. त्यानंतर डॉक्टर चार महिने मुंबईला जाणार होते. हो की नाही, ते उद्या सकाळच्या गाडीनं सूर्यभानाला घेऊन जायचं होतं.

कुंदा आठ वर्षांची होती. डोळ्यातलं पांढरं निळसर, हसली की घर उजळायचं, आणि हाडं अशी की देवानं घाईत भाजलेली. पाळण्यात होती तेव्हा पहिलं मोडलं. पाचवं वर्ष लागेपर्यंत अकरा झाली. घरात सालं लक्षात ठेवायची ती यावरच. तिचा डावा हात मोडला त्या साली कपाशीवर रोग पडला, आणि शिंकेनं बरगडी मोडली ती चुलत आत्याच्या लग्नात, अक्षता पडत होत्या तेव्हा. परतवाड्याचा एक नामी हाडवैद्य आणला होता, तेव्हा ती चार वर्षांची होती. हा पाय नाई, तो, असं ती दोनदा म्हणाली. पण लेकराचं काय ऐकायचं, म्हणून वैद्यानं चांगला पाय तीन आठवडे पट्ट्यांत बांधून ठेवला. तो अगदी उत्तम बरा झाला.

मग चौसष्ट साली, अडीच वर्षांपूर्वी, अकोल्याचे डॉक्टर देव सापडले. उजवी मांडी तोवर धनुष्यासारखी झाली होती. कुंदाची आई सुभद्रा तेव्हा नऊ महिन्यांची गरोदर, म्हणून पोरीसोबत माणिकबाई गेली. डॉक्टर तरुण होते, मुंबईत शिकलेले, आणि त्यांना समजावून सांगायचा भारी नाद. त्यांनी दवाखान्याच्या सैपाकघरातून शेवग्याची एक वाकडी शेंग मागवली. सुरीनं तिचे चार तुकडे केले, एकेक तुकडा थोडा थोडा फिरवला आणि विणायच्या सुईवर ओवला. वाकडी शेंग सरळ झाली. हे असंच हाडाचं करायचं आजी, म्हणाले, तुकडे करायचे आणि सळईवर ओवायचे, म्हणजे हाड सरळही होतं आणि आतून आधारही मिळतो. माणिकबाईनं त्या दिवसापासून शेवग्याची शेंग तोंडात घातली नाही.

बेचाळीस दिवस ती तिथं होती. छातीपासून पावलापर्यंत प्लास्टर घातलेल्या पोरीला बेचाळीस दिवस तिनं चमच्यानं जेवू घातलं. पहिल्या चार दिवसांतलं कुंदाचं ओरडणं तिनं परत आल्यावर कोणाला सांगितलं नाही, आणि कोणी विचारलंही नाही. पोरगी सरळ पायानं घरी आली, चार महिन्यांनी पट्ट्यांचा बूट घालून कुबड्यांवर उभी राहिली. लोकांनी पेढे मागितले.

निघताना डॉक्टर म्हणाले होते, की मूल वाढेल तशी सळई आखूड पडेल, दोन-अडीच वर्षांनी बदलावी लागेल, वाढ थांबेपर्यंत असंच. किसनरावानं यातलं 'बदलावी लागेल' तेवढं वहीत लिहून घेतलं. माणिकबाईनं मात्र मनात धरलं ते 'वाढेल तशी.' सुरी येणार ती वाढीच्या मागून येणार. वाढच आली नाही, तर सुरी कशाच्या मागून येईल?

आधी तिनं दुधावर हात चालवला. गावाहून म्हशीचं दूध यायचं, त्यातलं कुंदाचं अर्धं ती मांजरीला घालू लागली. चार दिवसांत मांजर टरबुजासारखी झाली आणि कुंदा रिकामा पेला हातात धरून तिच्याकडे पाहत राहिली. तेवढ्यावर माणिकबाईचा धीर सुटला. पाचव्या दिवशी पोरीला दोन पेले मिळाले. मग तिला लहानपणापासून ठाऊक असलेला दुसरा उपाय आठवला. त्यात पोरीला काहीच सोसायचं नव्हतं. झोपलेल्या लेकराला ओलांडलं की लेकरू वाढत नाही, हे वऱ्हाडात कोणाला सांगावं लागत नाही. चुकून ओलांडलंच, तर लगेच उलटं ओलांडून ते सोडवायचं असतं. माणिकबाईनं ओलांडायला सुरुवात केली, आणि सोडवलं नाही. रोज दुपारी कुंदा सतरंजीवर पडली की बुढी लुगडं सावरायची आणि देवाचं नाव घेऊन या बाजूनं त्या बाजूला जायची. अडीच वर्षं. आणि आता तिचा भाऊ फोटो हातात धरून बसला होता, आणि फोटोत दीड इंच होतं.

बैठकीत पक्ष पडायला वेळ लागला नाही. सूर्यभान एकटाच ऑपरेशनच्या बाजूचा. निकाल द्यायला गावाहून आलेले खुशालराव विरुद्ध. बांध एकदा घातला की घातला, दर दोन सालाले कोन तो खोदून पुन्हा घालते, असं त्यांचं म्हणणं. किसनराव जिल्हा परिषदेत ओव्हरसिअर होता. जिल्ह्यातला कुठलाही रस्ता तो कोसावरून सांगायचा की किती फूट खचला, पण घरात त्याचं मत शेवटी बोललेल्या माणसासारखं असायचं. वडील बोलले की तो वडलांकडे, मेव्हणा बोलला की मेव्हण्याकडे. एकदा दोघं एकदम बोलले, तर तो पाणी आणायला उठून गेला.

मग सूर्यभानानं घात केला. आपली बाजू भक्कम करायला तो सांगून बसला, की परदेशात आता अशी सळई निघाली आहे जी दुर्बिणीसारखी एकातून एक सरकते आणि पोरासोबत आपोआप लांब होते. हे ऐकून खुशालरावांचा चेहरा फुलला. मंग थेच टाकू, ते म्हणाले. सूर्यभान म्हणाला, ती आपल्याकडे नाही मिळत. मग येईपर्यंत थांबू, खुशालराव म्हणाले, ट्रॅक्टर नाई आला काय? किसनरावालाही ते पटलं. थांबण्याच्या बाजूनं एका क्षणात दोन मतं झाली, आणि सूर्यभान आपल्या हुशारीकडे पाहत बसला.

सुभद्रा सासऱ्यासमोर डोक्यावर पदर घेऊन भिंतीशी उभी होती. तिला कोणी विचारलं नाही. पण खुशालरावांनाही नुसत्या आपल्या मतावर एवढी गोष्ट ढकलायची हिंमत नव्हती. ते बराच वेळ बोटातली अंगठी फिरवत राहिले आणि मग दाराकडे वळले.

"बाई," ते म्हणाले, "थ्या बेचाळीस दिवसांत तू होती तिथं. आमी कोनी नव्हतो. तू म्हनशील तसं. तू नाई म्हनलं तं नाई."

सगळ्यांच्या माना सुपाकडे वळल्या. माणिकबाईला एका शब्दाचं काम होतं. तिनं जीभ उचलली, आणि त्याच वेळी मधल्या खोलीतून कुंदा धड्यातली कविता चालीवर म्हणत असल्याचा आवाज आला. माणिकबाई सूप घेऊन उठली.

"आधी जेवून घ्या," ती म्हणाली.

जेवणं झाली. पुरुष बैठकीत आडवे झाले आणि लवकरच तिघंही घोरू लागले. एवढ्यापुरतं त्यांचं एकमत होतं. मधल्या खोलीत कुंदा सतरंजीवर डोळे मिटून पडली होती, कुबड्या भिंतीशी. माणिकबाईनं आत येऊन चाहूल घेतली. आज तिला नेहमीपेक्षा जोर लावायचा होता. लुगड्याचा सोगा वर खोचला, देवाचं नाव घेतलं आणि ती पोरीच्या मांड्यांवरून पलीकडे गेली. मग धान्याच्या कोठीच्या मागं जाऊन घटकाभर टेकली.

तेवढ्यात धाकट्या लेकराला परसातल्या झोळीत निजवून सुभद्रा परसदारातून आली. तिनं इकडंतिकडं पाहिलं, निऱ्या हातात धरल्या आणि पलीकडून अलीकडे, अगदी सवयीनं, कुंदाला ओलांडलं.

"काय करून राहिली वं तू?" कोठीमागून माणिकबाई म्हणाली.

सुभद्रा दचकली, पण पळाली नाही. "सोडवून राहिली," ती म्हणाली. "तुमी वलांडता. मी सोडवतो."

"कवापासून?"

"तुमी वलांडाले लागल्या तवापासून, आत्याबाई."

माणिकबाईला हिशेब लागायला वेळ लागला. अडीच वर्षं तिनं रोज दुपारी पोरीची वाढ बांधली होती, आणि अडीच वर्षं ही सून रोज दुपारी ती सोडत होती. फोटोतल्या दीड इंचाची आई समोर उभी होती.

"म्हंजे तूच वाढवली तिले."

"हो. मीच."

"तुले मालूम नाई सुभद्रे, ते काय असते. तू बाळंतीण होती. मी पाह्यलं हाये ते समदं."

"मी नाई पाह्यलं," सुभद्रा म्हणाली. आवाज हळू होता, पण पदर डोक्यावरून खाली आला होता आणि तिनं तो सावरला नाही. "पन मी रोज दुसरं पाहतो. दाराची कडी वर हाये, तं ती 'आई' म्हनून बसून राह्यते, कोनी उघडून देईपर्यंत. तिचा हात कडीले पुरला पाह्यजे आत्याबाई. बाकी मले काई नाई पाह्यजे."

माणिकबाई उठली, पोरीजवळ आली आणि पुन्हा ओलांडून गेली. सुभद्रा तिच्यामागून उलटी ओलांडून आली. माणिकबाई पुन्हा गेली. सुभद्रा पुन्हा आली. दोघी एकमेकींकडे पाहत नव्हत्या, दोघींचे श्वास वाजत होते, आणि मध्ये आठ वर्षांची पोरगी डोळे मिटून अशी पडली होती, की झोपलेलं माणूस एवढं निश्चल कधी नसतं. चौथ्या खेपेला माणिकबाईच्या सोग्याचं टोक सुटलं आणि तिच्याच अंगठ्यात अडकलं.

पडायला दोनच जागा होत्या. एक कुंदा. दुसरा दगडी उंबरठा. पासष्ट वर्षांच्या बुढीनं हवेतल्या हवेत अंग पिळलं आणि उंबरठा निवडला.

कपाशीची वाळली पऱ्हाटी मोडावी तसा आवाज झाला. तो आवाज त्या घराला चांगला ओळखीचा होता. बैठकीतले तिघंही एका झटक्यात उठले आणि धावत मधल्या खोलीत घुसले. खुशालराव सगळ्यांत पुढं. उंबरठ्यात पडलेल्या सख्ख्या बहिणीवरून त्यांनी उडी टाकली आणि कुंदाजवळ जाऊन बसले. किसनरावही माणिकबाईवरूनच आला. सूर्यभान मास्तर असल्यामुळं वळसा घालून आला. तिघांनी मिळून पोरीला विचारलं, कुठं, कोणता, किती दुखतं. किसनरावानं तर रडायलाही सुरुवात केली.

कुंदानं डोळे उघडले.

"मी नाई," ती म्हणाली. "आजीची मोडली. मांडी. वरच्या अंगाले."

मग सगळ्यांना माणिकबाई दिसली. खुशालराव तिला काखेत हात घालून उठवायला वाकले, तोच सतरंजीवरून हुकूम आला. हात नोका लावू आबाजी. पाय वढू नोका. पाय पाहा कसा भायेरच्या अंगानं फिरला हाये, अन् आखूड दिसून राहिला. उठवला तं आतमंधी अजून सरकन. हे सगळं त्या पोरीनं असं सांगितलं जसं दुसरी पोर पाढे म्हणते. बैठकीत सकाळपासून तिला कोणी बोलावलं नव्हतं. आता चार मोठी माणसं तिच्या तोंडाकडे पाहत उभी होती. तिनं दोन उशा मागितल्या, एक आतून, एक बाहेरून. लांब फळी मागितली. फळी नव्हती, तर किसनरावानं रस्त्याच्या मोजणीची, लाल-पांढऱ्या आकड्यांची पट्टी आणली. ती काखेपासून घोट्यापर्यंत लावून धोतराच्या चिंध्यांनी बांधायला कुंदानं शिकवलं. खुशालराव गाठ मारत होते, आणि नात त्यांना म्हणत होती, हाडावर गाठ नोका मारू, बाजूनं मारा.

"आजी, वरडाचं असंल तं वरड," ती म्हणाली. "पन हालू नोको."

माणिकबाईला ओरडायचं नव्हतं. ती ओरडली.

किसनराव गाडी पाहायला गेला, सूर्यभान त्याच्यासोबत. खुशालराव बाहेर ओट्यावर जाऊन बसले, तिथून त्यांचं नाक शिंकरणं ऐकू येत होतं. सुभद्रा पंख्यानं वारा घालत होती. कुंदा ढुंगणावर सरकत सरकत उंबरठ्यापर्यंत आली आणि आजीच्या तोंडाजवळ बसली. माणिकबाईच्या डोळ्यांसमोर घर आत-बाहेर होत होतं. अकरा, ती मनात म्हणाली. पाचव्या वर्षापर्यंतच अकरा डाव.

"कुंदे," तिनं विचारलं, "असंच दुखते काय वं तुले?"

"असंच. काई काई डाव कमी."

"अन् तथी? अकोल्याले?"

कुंदानं विचार केला. अडीच वर्षांत हे तिला पहिल्यांदाच कोणी विचारत होतं, म्हणून ती घाईनं बोलली नाही.

"तथी बी दुखते. लय दुखते," ती म्हणाली. "पन तथी सांगून दुखते. डॉक्टर म्हनते, उद्या जास्त दुखीन, परवा कमी होईन, अन् तसंच होते. मोडते तवा कोनी सांगत नाई. मी पानी पीत असतो, अन् मोडते." मग ती म्हणाली, "अन् सळई टाकल्यापासून हा पाय एक बी डाव नाई मोडला. हात मोडला, पाय नाई मोडला. तू मोजलं नाई काय?"

माणिकबाईनं मोजलं नव्हतं. तिनं पोरीच्या उंचीच्या भिंतीवरच्या खुणा मोजल्या होत्या, फ्रॉकाची उसवलेली धार मोजली होती, स्वतःच्या फेऱ्या मोजल्या होत्या. जे झालं नाही ते मोजायचं तिला सुचलंच नव्हतं. अडीच वर्षं. एकदाही नाही.

"तू जागीच असते काय दुपारी?" तिनं मग विचारलं.

"हो."

"समदं मालूम हाये?"

"हो. एखांदे दिवशी तू दोन डाव वलांडे, तं मी आईले दोन बोटं दाखवो."

सुभद्राचा पंखा थांबला. माणिकबाईला हसू आलं, आणि हसण्यानं मांडीतून अशी कळ गेली की तिनं सुनेचा हात घट्ट धरला. तो तिनं मग सोडलाच नाही.

"तुले बी सळई टाकतीन," कुंदा तिची समजूत घालत म्हणाली. "पन तुले एकच डाव. तू थोडीच वाढून राहिली. अन् आबाजीनं, बाबानं, दोघांनी बी वलांडलं तुले."

गाडी आली तेव्हा खुशालराव आत आले. त्यांना ऑपरेशनचं काही आठवतही नव्हतं. बहिणीला इथल्याच दवाखान्यात न्यायचं, एवढंच ते बोलत होते. माणिकबाईनं त्यांना खाली वाकायला सांगितलं, कारण मोठ्यानं बोलण्याची ताकद नव्हती.

"खुशाल, तू इचारलं होतं मले. ऐक. पोरीले गुरुवारी नेजो."

"बाई, आधी तुह्यं पाहू..."

"माह्यं बी तथीच पाहा. सूर्यभानले सांग, एक नाई, दोन पलंग धरून ठेव म्हना."

खुशालरावांनी किसनरावाकडे पाहिलं, आणि शेवटी आत्या बोलली असल्यामुळं किसनराव तिच्याच मताचा झाला होता.

डॉक्टर देवांच्या दवाखान्यात बायकांच्या खोलीत खिडकीकडचे दोन पलंग त्यांना मिळाले. एकावर माणिकबाई, पायाला वजन टांगलेलं. तिच्या मांडीत खिळा शनिवारी बसायचा होता. दुसऱ्यावर कुंदा, तिचा नंबर उद्याचा. कागदावर सही किसनरावानं केली, पण आधी तो कागद तीनदा वाचला आणि त्यातली एक शुद्धलेखनाची चूक दुरुस्त केली. मधल्या स्टुलावर सुभद्रा बसली होती. या खेपेला धाकट्याला सूर्यभानाच्या घरी ठेवून ती आली होती, राहणार होती, आणि पहिल्या चार दिवसांत काय होणार ते माणिकबाईनं तिला काहीही न लपवता सांगितलं होतं. सुभद्रानं ते ऐकताना पदराचं टोक दातात धरलं होतं. शेवटी ती एवढंच म्हणाली, की तुमी एकटीनं कसं केलं हे आत्याबाई. अडीच वर्षांत हेही कोणी विचारलं नव्हतं.

संध्याकाळी डॉक्टर आले. नवा एक्स-रे खिडकीला लावून त्यांनी कुंदाच्या मांडीवर फूटपट्टी धरली, आणि पेटीतून एकेक सळई काढून मापाला लावू लागले. एक आखूड निघाली, एक जाड. तिसरी त्यांनी हातात तोलली. माणिकबाई उशीवरून हे सगळं निरखत होती. तिनं आयुष्यात पुष्कळ पोरांचे झगे शिवून घेतले होते, आणि शिंप्यासमोर गप्प बसायची तिला सवय नव्हती.

"डॉक्टरसाहेब," ती म्हणाली, "जराशी लांब टाका. दोन बोटं. वाढत्या आंगाची पोरगी हाये."

डॉक्टर हसले. त्यांनी सळई खाली ठेवली आणि तिच्या पलंगाशी आले.

"तेच तर जमत नाही ना, आजी. हाडाएवढीच बसते. लांब घातली तर गुडघ्यात टोचेल. बसेल तेवढी लांब मी घालतोच, पण दोन-अडीच वर्षांनी तुम्हाला पुन्हा यावं लागेल. त्यानंतरही एक-दोनदा, चौदा-पंधरा वर्षांची होईपर्यंत."

सुभद्रा स्टुलावर ताठ झाली. कुंदा आजीकडे पाहत होती. तिला काय वाटत होतं ते तिच्या त्या निळसर डोळ्यांतून काही कळत नव्हतं. माणिकबाईनं बोटांवर काहीतरी मोजलं. आपण तोवर असू की नसू, ते तिनं त्यात धरलं नाही.

"मंग येऊ," ती म्हणाली. "या डाव दीड इंच आनलं होतं. पुढच्या डावाले दोन आनू."